पोटाखालचे ओरखडे

आप्पा, तुमच्या नातीने डोंगरवाटांवर चालवायची मोटरसायकल घेतली, आणि तिच्या इंजिनाखालची प्लेट निवडताना मी जे काही केलं ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही पोरगी रांगत होती. आता पंचविशीला टेकली आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या हौशी लोकांना ती कर्जतच्या आसपासच्या वाटांवर फिरवते, पुढे ती आणि मागे त्यांच्या गाड्यांची रांग. तुम्हाला हे कधीच पटलं नसतं. "चांगला रस्ता सोडून दगडात गाडी घालायची? काय तरी भानगड हाय," असंच म्हणाला असतात. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गाडीला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, इंजिनाच्या पोटाखाली बसवायची स्किड प्लेट, म्हणजे दगड थेट इंजिनावर आपटत नाही. दुसरी, हँडलवर बसवायचे हँड गार्ड, म्हणजे करवंदीच्या जाळीत शिरलं तर बोटं सोलत नाहीत आणि गाडी आडवी झाली तर क्लचचा दांडा तुटत नाही. "आई, तू चल, तुला लोखंडातलं कळतं," असं ती म्हणाली आणि माझी छाती फुगली. खोपोलीच्या कारखान्यात जन्म काढलेल्या फिटरची मुलगी आहे मी! तुमचं लोहचुंबक पर्समध्ये टाकूनच निघाले. तुम्ही ते शर्टाच्या खिशात ठेवायचात. समई घ्यायची असो की नळाची तोटी, आधी चुंबक लावायचात, मग नखाने वाजवायचात, मग दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचात. माझ्यासाठी स्थळ बघायला गेलात तेव्हासुद्धा मुलाची नोकरी नंतर विचारलीत, आधी अंगणात जाऊन त्याच्या मोटरसायकलची चेन बोटाने ओढून बघितलीत. चेनला तेल होतं म्हणून मी आज भिसेगावात नांदते आहे.

खोपोलीतल्या दुकानदाराने दोन प्लेटा पुढ्यात ठेवल्या, एक ॲल्युमिनियमची आणि एक लोखंडी, काळ्या रंगाची. "ताई, ॲल्युमिनियमचीच घ्या. हलकी हाय, दगडावरून घसरते, गंजायचं टेन्शन नाय." मी चुंबक लावलं, ते चिकटलं नाही. "हा भांड्याचा पत्रा आहे," मी म्हणाले. "अवो ताई, चार एमएमचा हाय, भांडं कुठं चार एमएमचं असतंय?" त्याचं बरोबर होतं, पण मला दुकानदाराचं बरोबर असलेलं आवडत नाही. मग मी सगळं तपासलं. तेल काढायच्या बोल्टाखाली भोक ठेवलंय का, बोल्टांची डोकी आत दबलेली आहेत की दगडाला अडकतील, मध्ये रबर आहे की लोखंड थेट लोखंडावर बसणार. हँड गार्डांत एक नुसतं प्लास्टिकचं होतं, एकाच टोकाला धरलेलं. ते काटे अडवील, पण गाडी पडली की मुडपेल. दुसऱ्यात आतून जाड पट्टी, दोन्ही टोकांना आवळलेली. तेच घेतलं, आणि बसवल्यावर हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून क्लचची केबल कुठे चिमटत नाही ना तेही बघितलं. त्या बाबतीत मला कुणी बोल लावू नये. प्लेट मात्र मी लोखंडी घेतली. "लोखंड ते लोखंड," असं मुलीला सांगितलं. ते खोटं होतं. ॲल्युमिनियमवर जुना ओरखडा कुठला आणि नवा कुठला ते पटकन कळत नाही, आणि काळ्या रंगावर दगडाची रेघ लगेच चमकते. ठाकुरवाडीखालच्या ओढ्यातल्या वाटेने कधी जाणार नाही असं तिने मला वचन दिलं होतं. त्या वाटेवर मोठाले गोल दगड आहेत, आणि कुणी पडलं तर वर आणायला चार माणसं लागतात. तिच्या वचनावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी ती प्लेट पहाऱ्याला बसवली.

हे मी कुठे शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे. मी एकोणीस वर्षांची आहे, खालापूरचं आपलं स्वयंपाकघर, आई स्टोव्हवर भाकऱ्या टाकते आहे, आणि तुमच्या मोटरसायकलचा क्लचचा दांडा माझ्या हातून मोडला आहे. मी सांगितलं की गाडी स्टँडवरून घसरून पडली. तुम्ही बाहेर गेलात, गाडीखाली झोपलात आणि काळ्या हातांनी आत येऊन पाटावर बसलात. "उभी गाडी पडली ना गं? मंग पोटाला वरखडा कुठनं आला? उभ्या गाडीचं पोट जमिनीला घासतं काय?" आई म्हणाली, "जाऊ द्या आता, पोरीचं हातपाय धड हायेत ना." तुम्ही चावी करगोट्याला बांधलीत आणि ती मला पुन्हा कधी दिली नाहीत. मी तुमच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. पुढे सासरी, कचेरीत, जिथे विषय निघाला तिथे मी सांगत आले की माझ्या बापाने माझ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. आप्पा, मी मैत्रिणीला मागे बसवून शेताच्या बांधावरून गाडी उडवायला गेले होते. तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं आहे माझं. मी जे केलं तेच ही करणार, असं मी पहिल्यापासून धरूनच चालले होते.

तर दर रविवारी संध्याकाळी ती परत आली की मी काहीतरी निमित्त काढून खाली जायची आणि गाडीखाली वाकायची. पहिल्या आठवड्यात दोन रेघा दिसल्या. विचारलं तर म्हणाली गतिरोधकाला लागलं. पुढच्या आठवड्यात एक मोठी, आडवी. "आई, शेतावरच्या गेटचा उंबरा होता गं." तुमचे जावई वैतागले, "अगं, तू आई आहेस की चौकीवरची हवालदार?" मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला चेनला तेल घालण्यापलीकडे काय कळतं. मग अचानक ओरखडे यायचे बंद झाले. एक आठवडा, दोन, तीन, प्लेट नव्या नवरीसारखी! पहिल्यांदा बरं वाटलं, पोरगी सुधारली असं वाटलं. मग एके दिवशी जिन्याखाली स्प्रेच्या रंगाचा वास आला. अडगळीत काळ्या रंगाचा डबा सापडला, अर्धा संपलेला. तेव्हाच तिला समोर बसवून बोलायला हवं होतं. पण मी डबा होता तिथे ठेवला आणि म्हटलं, बघू अजून किती दिवस फसवते. मला तिला पकडायचं होतं. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

फोन आला तेव्हा मी कचेरीत होते. ठाकुरवाडीखालचा ओढाच होता तो. प्लेटचा पुढचा कान, जिथे ती चौकटीला बोल्टाने धरलेली असते, तिथेच तुटला. प्लेट पुढून खाली लोंबली, दगडांत रुतली आणि गाडी जागच्या जागी उलटली. हँड गार्डची पट्टी धनुष्यासारखी वाकली होती पण बोटं शाबूत होती, आणि त्याबद्दल मी दुकानातल्या त्या दहा मिनिटांना आजही हात जोडते. खांद्याजवळचं हाड मात्र मोडलं. कर्जतच्या दवाखान्यात ती हात गळ्यात बांधून बसली होती, केसात वाळू. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "क्रॅक आधीपासूनच असणार गं. दिसलाच नाही. मीच त्याच्यावर तीनदा रंग मारला होता." मी विचारलं, "कशाला मारायचीस?" काय प्रश्न होता! "तू बघतेस म्हणून," ती म्हणाली. ना रागाने, ना रडून, वेळ विचारल्यावर सांगावी तशी. मला तिथेच रडू कोसळलं, आणि नर्सला वाटलं हाडाच्या फोटोत काहीतरी वाईट आलंय.

हाड आता जुळलं आहे. नवी प्लेट तिने स्वतः निवडली, ॲल्युमिनियमची, बिनरंगाची. बसवताना मला मदतीला घेतलं, पाने मी दिले, बोल्ट तिने आवळले. कुठे जाणार ते ती आता निघताना सांगते. आणि मी यापुढे गाडीखाली बघणार नाही असं तिला वचन दिलं, देवासमोर नाही पण गॅससमोर, चहा उकळत असताना. तुम्ही असतात तर हसला असतात. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, आणि असती तरी मी ते टाकलं नसतं, कारण पुढचं तर कुणाच्याच हाती पडायला नको.

गेल्या रविवारी ती परत आली आणि आंघोळीला गेली. मी कपडे वाळत घालायला खाली आले होते. बादली खाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं, आणि पन्नाशी उलटलेली बाई मी, उताणी झोपून मोबाईलचा टॉर्च लावला. चार ओरखडे होते आणि प्रत्येकाशेजारी मार्करने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. "बांधाचा दगड, शनिवार, हळू होते." "गतिरोधक, या वेळी खरंच." "ठाकुरवाडीखालचा ओढा. सांगून गेले होते. उतरून गाडी ढकलत नेली." चौथा कडेला होता, सगळ्यात खोल, आणि अक्षरं वाचायच्या आधीच मनात आलं, बघा, घातलीच कुठेतरी. शेजारी लिहिलं होतं, "हा बसवताना तुझ्या हातून पाना पडला त्याचा." पडला होता, आप्पा. तिची पाठ आहे असं समजून मी पटकन उचलला होता आणि गप्प बसले होते. वर गेले तर ती केस पुसत चहा पीत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, पाठीला माती लागलीय तुझ्या." मी म्हटलं, भिंतीला टेकले होते.