सगळे बाहेर

प्रिय सूनबाई,

अशी हाक मारलेली तुला आवडत नाही हे ठाऊक असूनच मारतेय. निदान त्या निमित्ताने डोळे वटारून का होईना, पुढे वाचशील. फोनवर आपण हल्ली हवामान आणि माझे गुडघे यांच्यापलीकडे जात नाही. मी दातांच्या डॉक्टरांचा विषय काढला की लगेच तुझ्याकडचं दूध उतू जातं. एवढं दूध घेतेस तरी कशाला, एकटीला?

बातमी अशी, की घळ बंद झाली. आतल्या कड्याला तडा गेलाय, त्यामुळे आता लोकांना आत सोडायचे खुले दिवस नाहीत. फाटकाला कायमचं कुलूप. गेल्या रविवारी शेवटचा गट आत नेला. मास्तर वाटाडे म्हणून पुढे होते आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात मागे मी. परतल्यावर मास्तर फाटकाचा गज धरून लहान मुलासारखे रडले. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते विचारू नकोस.

तू तिथून गेलीस आणि मी या वयात शेपूट झाले, याचं तुला हसू यायचं. मास्तर सगळ्यात मागच्या माणसाला शेपूटच म्हणतात. त्याचं काम एकच, कुणाला मागे राहू द्यायचं नाही. शेवटचा पाहुणा बाहेर पडल्याशिवाय शेपटाने फाटक ओलांडायचं नाही, आणि ओलांडलं की वनरक्षकाला मोठ्याने सांगायचं, सगळे बाहेर. मगच तो कुलूप लावतो. मी डोकी मोजत नाही. आयुष्यभर लोकांचे कपडे उसवले आणि शिवले, मला माणसं कपड्यांवरून लक्षात राहतात. तुटलेलं बटण, खाली आलेला अस्तराचा धागा, घाईत घातलेली टीप. आत गेलेली प्रत्येक शिवण बाहेर आलेली मला दिसावी लागते.

तो हरवला त्या दिवशी असं कुणी पाहिलं नाही. आकडा जुळला, एवढ्यावर सगळे खूश. पुढच्या गटातल्या एका बाईला बूट चावला म्हणून ती मागे रेंगाळली आणि त्याच्या गटाबरोबर बाहेर आली. तिच्या नवऱ्याने आधीच त्यांच्या वाटाड्याला सांगून टाकलं होतं की ती मागून येतेच आहे, मोजणीत धरून टाका. ती दोन्हीकडे धरली गेली आणि माझा लेक एकाही ठिकाणी नाही. तो तसलाच होता गं. शाळा सुटली की सगळी मुलं घरी पोचायची, आणि हा वाटेत कुठल्या तरी भिंतीवरची मुंग्यांची रांग बघत उभा. तू तापाने फणफणलेली असतानासुद्धा तुला आधी कळलं की काहीतरी चुकलंय. तू फोन केलास, फाटक पुन्हा उघडलं, पण तोवर वरच्या अंगाला पाऊस कोसळून घळीत पाणी आलं होतं.

पाणी ओसरल्यावर त्यांनी शोधलं, कुत्री आणली, दोर सोडले. मग एक दिवस सगळे थकले. मी थकले नाही, शेपूट होऊन दर खुल्या दिवशी आत जात राहिले. लोक वर बघत चालायचे, आकाशाची ती चिंचोळी पट्टी बघून हरखून जायचे, आणि मी विजेरी घेऊन कपारीत वाकायचे. मास्तरांना सगळं दिसत होतं, पण ते गटाला उगाच जास्त वेळ थांबवून दगडांची माहिती सांगत बसायचे. मला एक हातमोजा सापडला, कुणाचा तरी चष्मा सापडला. एकदा निळं कापड सापडलं. तिथेच चिखलात बसले आणि शिवण चाचपली. त्याच्या जाकिटाची चेन मी स्वतः बदलली होती, ती टीप मला अंधारातही ओळखता आली असती. ते दुसऱ्याच कुणाचं होतं. मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

तुझे डॉक्टर मध्यंतरी दुकानात येऊन गेले. तुला सांगितलं नसणार त्यांनी. काहीही मागितलं नाही, स्टुलावर अंग चोरून बसले. कोटाच्या बाह्या लांब होत्या, मीच म्हटलं, आणा इकडे. माप घ्यायला टेप लावली तर त्यांनी दचकून हातच मागे घेतला. मनात म्हटलं, हा लोकांचे दात कसे काढत असेल! माणूस चांगला आहे. बाह्या आखूड करून दिल्या, आणि ते गेल्यावर दुकानाचं दार लावून पोटभर रडले.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. इतकी वर्षं फाटकाशी मी कधी सगळे बाहेर असं म्हटलं नाही. आजचे सगळे बाहेर, असं म्हणायचे. वनरक्षकाला सवय झाली होती, त्याने कधी टोकलं नाही. गेल्या रविवारी तो कुलूप हातात घेऊन उभा होता आणि आजचे म्हणायला पुढचा खुला दिवसच नव्हता. मग म्हणाले, सगळे बाहेर. म्हटल्याबरोबर कळलं की आपण खोटं बोललो. त्याच्यामुळे नाही. तो गेला, बाळा. मला सापडला नाही, तुलाही सापडणार नाही, पण तो गेला. हे मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि तुझ्या आधी मीच लिहायला हवं होतं, आई म्हणून. घळीत अजून अडकलेली आहेस ती तू. तो परत आला तर काय, म्हणून तिथे त्या डॉक्टरांना ताटकळत ठेवून बसली आहेस. तू हो म्हण. लग्नाची सही करायला जाशील तेव्हा तुझ्या बाजूने मी उभी राहीन, नवी साडी नेसून, कुणी काहीही म्हणो. माझं काम तुला माहीत आहे. शेवटचं माणूस बाहेर पडल्याशिवाय मला फाटक ओलांडता येत नाही. तू बाहेर ये गं, म्हणजे मलाही येता येईल.

तुझ्या मागेच उभी असलेली,
तुझीच
आई