दोरा डाव्या हातात धर, आत्या

डाव्या हाताचं नाव काढलं की तू फोन ठेवतीस, आत्या, म्हणून पत्र लिहायलोय. पत्र काही मधीच कट करता येत न्हाई. तुला वाचता येत न्हाई, आणि तुझे कारभारी, माणिकराव मामा, एकदा मोठ्यानं वाचायला लागले की थांबत न्हाईत, हे सगळ्या पेडगावाला ठाऊक हाय. आता सुटून दाखव.

तर कडूबाई आत्यास व मामांस गोपाळचा दंडवत. आंगठ्याची सूज उतरली का? म्हैस कशी हाय? (मामा, तुमच्याबी तब्येतीचं विचारलंय असं समजा.) मी इथं कुल्लूकडं चहाच्या हाटेलात मजेत. थंडी अशी की खोबरेल तेल बाटलीतून विणायच्या सुईनं कोरून काढावं लागतं. सुई माझ्याकडं कुठून आली, तेच सांगायलोय.

आपल्या भक्तीचे दिवस भरत आलेत. तिची सासू सरजाबाई मानवतच्या बाजारात चार बायांसमोर म्हणाली, "हिच्या माहेरात बाईमाणूस न्हाई, बाळंतविडा रेडिमेडच येणार." जावांच्या लेकरांना माहेरून हातानं विणलेलं टोपडं, स्वेटर, मोजे आले, आणि आमच्या भक्तीच्या लेकराला दुकानातलं? भक्ती फोनवर रडली न्हाई, नुसतं "चालतंय रे" म्हणाली. (आम्हा भावाबहिणीची माय गेली तवाबी ती एवढंच म्हणाली होती.) मला राहवलं न्हाई. सरजाबाईला फोन लावून सांगितलं, बारशाला सगळं हातचंच येणार, आमची आत्या विणायला बसलीय! आणि तू खरंच बसलीस. पण कापूस वेचून वेचून आंगठा सुजलेला, आणि त्यात तुझी रीत अशी की दर टाक्याला उजव्या हातानं सुई सोडायची, दोरा फिरवायचा, मग पुन्हा सुई धरायची. एका टाक्यासाठी आडावर एक खेप! ह्या चालीनं स्वेटर होईस्तोवर लेकराला मिसरूड फुटंल.

आता ऐक. इथल्या बाया काय विणतात म्हणून सांगू! चालता चालता, भांडता भांडता, मेंढरं हाकता हाकता, हाताकडं न बघता. मी तर येडाच झालो. म्हटलं ह्यातली मेख काढल्याबिगर सोडायची न्हाई. लोकर आणली, सुया आणल्या. पहिली रीत बघितली एका गोऱ्या पाव्हणीची. ती दोरा मानेमागून आणून छातीपाशी आंगठ्यानं टाका टाकायची. मीबी गळ्यात दोरा घालून बसलो. लय झकास जमायलं होतं, तेवढ्यात कुणीतरी "दो चाय" म्हणून ओरडलं. मी चहा घेऊन पळालो, लोकरीचा गुंडा बाकड्याच्या पायात अडकला आणि कासरा ओढल्यावर बैल फिरतो तसा मी जागेवर गरकन फिरलो. दोन्ही चहा एका सरदारजीच्या मांडीवर. (ते काय बोलले ते लिहीत न्हाई, मामांना मोठ्यानं वाचायची सवय हाय.)

दुसरी रीत काखंतली. उजवी सुई काखंत गच्च दाबायची, म्हणजे ती धरावी लागत न्हाई आणि बोटं दोऱ्याला मोकळी. आत्या, काय हात चालला माझा! मशीन बघ नुसती. पण मालक समोरून आला, मी सवयीनं हात वर करून रामराम घातला, आणि सुई खाली, टाके गावभर. काखेत कळसा म्हणतात ते एक बरं, कळसा पडला तर निदान उचलता तरी येतो.

तिसरी रीत आमच्या मालकिणीची, बिमलाचाचीची. आणि हीच खरी! दोरा डाव्या करंगळीला एक येढा देऊन पहिल्या बोटावर ताणून धरायचा. मग उजव्या हातानं दोरा फिरवायचाच न्हाई. उजवी सुई आत जाती, दोरा टिपती, बाहेर येती. कोंबडी दाणे टिपती तसं, टिप, टिप, टिप. आंगठ्याला काही कामच न्हाई! आणि डावा हात तरी काय करतो? लग्नात करवली दिवा घेऊन उभी असती, तसा दोरा धरून उभा. विणतो उजवाच.

तरी तुझं एकच, "डाव्या हाताचं लेकराच्या अंगाला नको." (लहानपणी मी डाव्या हातानं घास उचलला की लाटणं कुणाचं यायचं, ते आज काढत न्हाई.) बरं, एक सांग. माय गेल्यावर मला कडेवर घेऊन तू शेतात जायचीस, ते कोणत्या कडेवर? उजव्या हातात तर खुरपं असायचं. म्हंजे मी अख्खा तुझ्या डाव्या हातावरच वाढलोय. माझ्या अंगाला काय झालं?

(मामा, तिनं पदर डोळ्याला लावला असंल तर जरा थांबा. नसंल लावला तर तेवढी ओळ पुन्हा वाचा.)

एकच ओळ विणून बघ. न्हाई जमली तर पुन्हा लाटणं घे, मी उन्हाळ्यात येतोच हाय.

तुझा डावरा,
गोपाळ

ता. क. मामा, हे मनातल्या मनात वाचा. सरजाबाईला मी फोनवर असंबी सांगून बसलोय की टोपडं मात्र लेकराचा मामा सोता विणून धाडणार.

ता. क. वाचलंच का मोठ्यानं? मग आत्या, ऐकच. टोपडं विणलं मी, लय वेगानं विणलं. पण ते लेकराच्या काय, नारळाच्याबी डोक्यावर बसंना. बिमलाचाचीनं ते चहाच्या किटलीला घातलं, आणि तिथं असं फिट्ट बसलं की एका पाव्हणीनं किटलीचा स्वेटर म्हणून विकतच घेतलं. तवा टोपडंबी तूच विण, धर दोरा कोणत्याबी हातात. फक्त एखादा टाका मुद्दाम चुकव, म्हंजे सरजाबाईला माझंच वाटंल.

ता. क. लोकर पिवळी घे. भाच्याच्या टोपड्याचे, म्हंजे किटलीचे, आलेत तेवढे सगळे ह्याच पाकिटात घातलेत: दीडशे रुपये.