चौकातल्या खेपा

४ फेब्रुवारी
दुकानासमोरच्या चौकात आज मालकीणबाईंना मोटारसायकलनं उडवलं. मनगट मोडलं. हातात चष्म्यांचं नवं पार्सल होतं, सगळ्या काचा रस्त्यावर. वर्षभरातला हा चौथा अपघात. रुग्णवाहिकेत चढताना मला म्हणतात — "शटर नीट ओढ गं!"

५ फेब्रुवारी
आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतली एकवीस माणसं! खुर्च्या कमी, आवाज जास्त. चौकात सिग्नल हवाच, यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत. बाबांनी परस्पर जाहीर केलं, "अर्ज माझी मुलगी लिहील." आठव्या वर्षापर्यंत मला त्यांनीच घरी शिकवलं — अक्षरं, पाढे, आणि "एकदाच मोजलं म्हणजे मोजलंच नाही."
अर्ज सहा वेळा लिहिला. 'नम्र विनंती' की 'आग्रहाची विनंती'? शेवटी दोन्ही घातल्या.

९ फेब्रुवारी
बाबांबरोबर नगरपालिकेच्या इंजिनियरसाहेबांच्या ऑफिसात. खुर्च्यांवर फायली, म्हणून उभ्यानंच बोलणं. "सकाळी नऊ ते दहा तीनशे माणसं रस्ता ओलांडत असतील तर सिग्नल. नाहीतर फाइल बंद. मोजा आणि आणा." बाबा म्हणाले, "तीनशे? पाचशे दाखवतो!"
बाबा, जरा हळू!

१२ फेब्रुवारी
३१२!! मी दुकानात अडकले होते. शिंपीकाका आणि काकूंनी दोन कोपऱ्यांवर बसून मोजलं. बेरीज तेवढी माझी. तीन वेळा केली, तिन्ही वेळा ३१२. मावशीनं मला उचलायचाच प्रयत्न केला.

१३ फेब्रुवारी
इस्त्रीवाला विचारत होता, "ताई, काल तुमच्या बाबांचं काही हरवलं होतं का? तासभर सारखे इकडून तिकडे, तिकडून इकडे."
जेवताना विचारलंच.
"ओलांडला ना रस्ता?" बाबा म्हणाले. "स्वतःच्या पायांनी ओलांडला. खोटं काय त्यात?"
अकरा वेळा! मावशी दहा. शेजारचे पोस्टमनकाका आठ. "त्यांचा गुडघा धरला म्हणून," मावशी म्हणाली, "नाहीतर मला हरवलं असतं." मला हसू आवरेना. मग न्हाणीघरात जाऊन रडले. त्या चौकात, या वयात, एकोणतीस वेळा जीव मुठीत धरून!
३१२ वजा २९. २८३.

१४ फेब्रुवारी
सांगितलं तर फाइल बंद, आणि पाचवा अपघात माझ्या माथी. नाही सांगितलं तर... ज्यांनी मोजायला शिकवलं, त्यांचाच आकडा खोटा.

१६ फेब्रुवारी
सांगितलं. एकटीच गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी ३१२ खोडून २८३ लिहिले. मग त्यांची पेन्सिल थांबली.
"वडिलांनी तासात किती खेपा केल्या?"
"अकरा."
"मध्ये बसले, गप्पा मारल्या?"
"नाही हो. सलग. पाचशे करायचे होते त्यांना."
"रस्ता बारा पावलांचा. आणि धडधाकट माणसाच्या तासात अकराच खेपा?" त्यांनी कोपऱ्यात भागाकार केला. "एकदा ओलांडायला साडेपाच मिनिटं! एवढं ताटकळावं लागतं?"
"रोजच," मी म्हणाले. आम्हाला ते कधी सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं!
"फाइल उघडी ठेवतो. परवा स्वतः येऊन बघतो. पटलं तर मंजूर."
जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले!

१७ फेब्रुवारी
बाबा बोलत नाहीत. मावशी दारातूनच, "आली राजा हरिश्चंद्र!" साहेब येणार म्हटलं, तर म्हणते, "येतील गाडीतून, बघतील काचेतून." खरंच तसं झालं तर?

१८ फेब्रुवारी
साहेब नऊ वाजता आले. गाडी नेमकी पलीकडे लावली. फाइल छातीशी धरून एक पाय पुढे, की लगेच मागे. चौदा मिनिटं! मग दुकानातला फोन वाजला. "सिग्नलचं मी आजच लिहितो. पण जरा... वडिलांना पाठवता का? मला तिकडे यायचंय."
बाबा चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायच्या निमित्तानं दुकानातच बसले होते. चपला घातल्या. दारात वळले.
"बघतेस काय? वही घे. मोजायला कोणीतरी खरं माणूस नको का?"