गोल का होत नाही?

६ जानेवारी, कराड

एक विरुद्ध नऊ. आणि तो एक गोलही त्यांच्याच पोरीच्या काठीला लागून आत गेला.

लॅक्रोसची ही तिसरी मॅच, तिसरा पराभव. हरल्याचं वाईट वाटतंच, पण मला कोडं पडलंय ते वेगळं. चेंडू बराच वेळ आमच्याकडे असतो. जाळीच्या काठीत झेलायला पोरी आता चुकत नाहीत. पळण्यात तर त्यांचा हात कुणी धरणार नाही. गोलपर्यंत आम्ही पोचतो – आणि तिथं त्यांची पोरगी आधीच येऊन उभी! प्रत्येक वेळी. हे कसं?

एस.टी.त आमचे कोच नाथाजी सर म्हणाले, "कॅप्टन, प्राचार्यांचा निरोप हाय. सीझन संपायच्या आत एक तरी मॅच जिंका, न्हाईतर पुढल्या वर्षी टीम बंद."

तीन मॅच उरल्या आहेत.

मी सीटवरून उठले आणि बोलायला लागले. गप्प बसणाऱ्या बाईला या देशात कुणी मैदान दिलेलं नाही, मागून घ्यावं लागलं आहे, वगैरे. पंधरा-वीस मिनिटं. शेवटी कंडक्टरनेही टाळ्या वाजवल्या. क्रांती, आमची गोलकीपर, खिडकीला डोकं टेकून झोपली होती. नऊ गोल अडवता आले नाहीत, दमली असेल.

७ जानेवारी

टीम बंद झाली तर माझं काय जाणार? माझ्या वक्तृत्वस्पर्धा आहेत, वाचनालय आहे. पण नंदिनी, पल्लवी, क्रांती – या सगळ्या खो-खोच्या संघात जागा न मिळालेल्या पोरी. सरांनी त्यांना गोळा करून हा खेळ सुरू केला. पल्लवी सकाळी धारा काढून पाच किलोमीटर सायकल मारत येते. तिला याशिवाय दुसरं मैदान नाही.

ते बंद होऊ द्यायचं नाही.

९ जानेवारी

सरांनी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. आवाज बंद करून, कारण वाचनालयात बसले होते.

सापडलं!

आमच्या पोरी मागे वळत नाहीत. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला वळता येत नाही. लहानपणापासून तेच अंगात मुरलेलं. इथंही नंदिनी उजवीकडे निघाली की थेट गोलच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात जाते आणि मगच वळते. जणू तिथं खांब रोवला आहे! लॅक्रोसमध्ये कुठंही वळता येतं, पण पायांना ते कुणी सांगितलेलंच नाही. नियम सुटला तरी माणूस तो पाळतच राहतो. यावर एक अख्खं व्याख्यान होईल.

१० जानेवारी

झालं व्याख्यान. मैदानावर, सगळ्यांना गोल बसवून.

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं खो-खोत पोरींच्या मागं लागून हेच शिकिवलं, वळायचं न्हाई म्हणून. आता तू म्हणतीस वळा."

"चुकतंय का माझं, सर?"

"न्हाई. पटतंय. म्हणून तर बोचतंय गं."

पल्लवी काहीतरी म्हणत होती. तेवढ्यात मला दुसरा मुद्दा सुचला.

१४ जानेवारी

रोज शंभर वेळा वळणं. नंदिनी आज वळता वळता दोनदा पडली. "माझं पाय माझं ऐकंनात. तूच समजाव त्यास्नी," म्हणाली.

१८ जानेवारी, सातारा

शून्य विरुद्ध आठ.

पोरी वळत होत्या. व्यवस्थित वळत होत्या. आणि वळतील तिथं त्यांची पोरगी हजर!

१९ जानेवारी

माझं निदान चुकलं? की अर्धंच होतं? व्हिडिओ पुन्हा पाहिला. वळण्यात काही खोट नाही. मग त्या पोरींना आधी कळतं कसं? डोळे बघतात? खांदे बघतात? आज जेवताना अम्मीच्या खांद्याकडे बघत होते, ती आता भाकरीकडे हात नेईल की भाजीकडे, ओळखू येतं का म्हणून. आलं नाही. "असं काय बघतीस? मीठ कमी झालंय का?" म्हणाली.

२५ जानेवारी, सांगली

दोन विरुद्ध सात. आता एकच मॅच राहिली.

पण आज उत्तर मिळालं.

मॅचनंतर त्यांच्या गोलकीपरला गाठलं. अर्फा नाव. बुटकी, हसरी. आमचे पाच शॉट तिने घरात भांडी लावावीत तशा निवांतपणे अडवले होते. तिला स्पष्टच विचारलं, "तुला आधी कसं कळतं गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "चेष्टा करतीयस व्हय?"

"नाही. खरंच विचारते."

"अगं, तूच सांगतीस की! 'नंदिनी, मागनं ये. पल्लवी, डावीकडं वळ.' लय खणखणीत आवाज हाय तुझा. आमी काय इंग्लंडवरनं आलोय? मराठीच कळतं आमाला."

मग ती मला समजावत म्हणाली, "गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या पोरींनीच सांगितलं. त्यांची कॅप्टन ऐकत राहा, बाकी काय करू नका."

आष्ट्याला चहासाठी गाडी थांबली. मी उतरले नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला माझं भाषण ठरलेलं होतं. केलं. टाळ्या पडल्या. मी मात्र आज प्रथमच समोरच्यांचे चेहरे बघत होते – कोण ऐकतंय, कोण नुसतं बसलंय. कळत नाही. इतकी वर्षं बोलते आहे आणि कळत नाही!

२८ जानेवारी

सरांना सांगितलं, कॅप्टन नंदिनीला करा. "खेळणार का न्हाई मग तू?" खेळणार. गप्प राहून. सर इतके हसले की त्यांना खोकला लागला. "मुबश्शिरा मुलाणी गप्प! ही मॅच तिकीट लावून दाखवूया गड्या."

१ फेब्रुवारी, कराड

पाच विरुद्ध चार. जिंकलो!

असं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. पल्लवीकडे चेंडू आला, डावी बाजू मोकळी होती, मला दिसत होती, शब्द दातांपर्यंत आला होता. गिळला. तिने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर वाट पाहिली, आणि डावीकडे गेलीच नाही. मधूनच आत घुसली. मला सुचलंच नसतं ते. गोल! नंतर नंदिनी गोलच्या मागे निघाली, अर्ध्यात वळली, आणि समोर कुणीच नव्हतं.

त्या आपसात नुसत्या मानेने बोलत होत्या. ही भाषा त्यांच्यात कधीपासून होती?

शेवटी सरांनी टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाले, ऊन लागतंय. टीम राहिली.

२ फेब्रुवारी

मैदानावर नंदिनी एकटीच काठ्यांच्या जाळ्या आवळत बसली होती. शेजारी बसले. अर्फाने सांगितलं ते सगळं तिला सांगितलं.

"म्हाईत हुतं आमाला," ती म्हणाली. "पहिल्या मॅचपास्नं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. दोनदा." तिने गाठ दाताने ओढली. "दोन्ही बारीला तू भाषण केलंस. चांगलं झालं हुतं."