दहा टोप्या आणि काळेपांढरे सिनेमे

७ डिसेंबर
...तर ताईला मी तेच म्हणालो, वेळ कमी नसतो, लोकांना तो वापरता येत नाही. ताई बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. ख्रिसमसला तिथल्या प्रत्येक बाळाला लाल लोकरीची टोपी घालायची, ही तिची आयडिया. दहा टोप्या मी विणणार, ही माझी. तिने दोनदा विचारलं, नक्की ना, मी मोठ्या सिस्टरांना शब्द देतेय. म्हटलं, दे. रोज संध्याकाळी एक जुना क्लासिक सिनेमा आणि हातात सुया. सीझनपण एन्जॉय होईल. खरं तर वीस होतील.

८ डिसेंबर, सं. ७
सिनेमा निवडण्यात दीड तास गेला. हेपण कामच आहे.

१० डिसेंबर
आईने टाके घालायला शिकवलं. तिसऱ्यांदा शिकवताना म्हणाली, तुमच्या शाळेत हे इंग्लिशमधून शिकवलं असतं तर कळलं असतं का रे. इग्नोर केलं.

१२ डिसेंबर
पहिली टोपी तयार. सिनेमा खुनाचा होता, खुनी पडद्यामागे उभा. टेन्शनमध्ये टाके इतके घट्ट पडले की टोपी लिंबाला होईल. बाबांनी अंगठ्यात घालून बघितली. म्हणाले, ऊब आहे.

१३ डिसेंबर
फॉल्ट सिनेमाचा. यापुढे ओन्ली कॉमेडी.

१४ डिसेंबर
हसून हसून टाके सैल. टोपी बाबांच्या डोक्यावरून थेट गळ्यात उतरली. दोन्ही टोप्यांचं अ‍ॅव्हरेज काढलं तर बाळाचं डोकं परफेक्ट येतं.

१६ डिसेंबर
मूकपट. मधल्या पाट्या वाचायला वर बघावं लागतं. वर बघितलं की टाका सुटतो. खाली बघितलं की हिरॉइनचं लग्न होऊन जातं. आधीच्या दोन टोप्यांसकट सगळं उसवलं.

१९ डिसेंबर
ताईचा फोन. किती झाल्या? म्हटलं, प्रोसेस सुरू आहे. म्हणाली, आकडा सांग राजा. म्हटलं, क्वालिटीला आकडा नसतो. ती म्हणाली, मोठ्या सिस्टरांनी सगळ्या आयांना सांगून ठेवलंय, एकीने तर फोटोसाठी घरून कॅमेरा मागवलाय, माझं नाक कापू नकोस. फोन ठेवल्यावर उभ्याउभ्याच चार लाडू खाल्ले. भूक असेल.

२१ डिसेंबर
सिनेमे बंद. पण सिनेमाशिवाय हातच चालेना. खिडकीशी बसलो, सोफ्यावर बसलो, सुया बदलल्या, परत खिडकी. शेवटी रडका सिनेमा लावला. टाके एकदम एकसारखे. टोपी फक्त लांब झाली. हिरो मरतच नव्हता.

२३ डिसेंबर
आई म्हणाली, आण इकडे, चारपाच मी विणते. नाही म्हटलं. शब्द मी दिलाय. उद्याचा अख्खा दिवस आहे आणि नऊच बाकी आहेत.

२४ डिसेंबर, दु. १२
सीझनचा सगळ्यात भारी सिनेमा आजसाठी ठेवला होता. तो बघितल्याशिवाय मूड येणार नाही.

दु. ४
आला नाही.

२५ डिसेंबर
वॉर्डात गेलो, एक टोपी घेऊन. बाळं बरोब्बर दहा. ताईने सकाळीच बँडेजच्या टोप्या करून सगळ्यांना घातल्या होत्या. दहाच्या दहा बाळं कुठेतरी आपटून आल्यासारखी दिसत होती. कॅमेरावाल्या आईने कॅमेरा परत पिशवीत ठेवला. मोठ्या सिस्टर ताईकडे बघून नुसत्या बरं म्हणाल्या. माझी टोपी कुठल्याच डोक्यावर बसेना, पण गरम पाण्याच्या पिशवीवर चपखल बसली. एका बाळंतिणीने ती पाठीशी घेतली आणि झोपली.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी तू नुसते सिनेमेच बघ हं.

म्हणजे पुढच्या ख्रिसमसला वॉर्डात दाखवायचे सिनेमे मी निवडायचे, असाच अर्थ होतो ना याचा? तुम्हाला काय वाटतं?