‘भोंगा’ची दुसरी बाजू

मी, मोतीराम सावळीराम पगारे, वय ५६, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार नाशिक रोड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छाती अधू आहे, डोके जागेवर आहे आणि कान अगदी ठणठणीत आहेत. त्या कानांचीच मला लाज वाटते.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी विमलाबाई हिला. तिने घरात फार गोंगाट सोसला.

२. मेहुणे पुंजाराम आमच्या ‘भोंगा’ बँडला "डबे बडवे" म्हणत. त्यांना कापसाचा एक पुडा द्यावा, कानात घालायला.

३. देवळाली गावातला गाळा, सगळ्या सामानासह, झुंबर गांगुर्डे यास. झुंबर आमचा गिटारवाला. १९८१ साली आम्ही कॅसेट काढली. पहिल्या बाजूला गिटार गिटारसारखी वाजते. दुसऱ्या बाजूला ती कर्कश होत जाते, स्पीकरसमोर धरली की तिला शिट्टी फुटते, आणि शेवटच्या गाण्यात चाल उरतच नाही, नुसती घरघर. लोक म्हणाले, बँडला स्वतःचा आवाज सापडला. सापडला कसला डोंबल, झुंबरचे कान चालले होते. "मोत्या, वाढव की, काय ऐकूच येत नाय," म्हणायचा. आवाजाचे बटण माझ्या हातात होते.

पहिल्या बाजूचे रेकॉर्डिंग संपल्यावर मीच त्याला डॉक्टरकडे नेले. त्याला नीट ऐकू येईना, म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलले: वाजवणे आत्ताच थांबवा, नाहीतर कान जातील. बाहेर येऊन मी झुंबरला खुणेने सांगितले, कानात नुसता मळ आहे. तो नवा आवाज मला हवा होता. आजही ती बाजू लावली की अंगावर काटा येतो, आणि मग मी ती अर्ध्यातच बंद करतो. झुंबर, मी तुझा गुन्हेगार आहे.

४. मी गेल्यावर बुद्धवंदना साध्या तोंडाने म्हणावी. स्पीकर लावू नये.

ताजा कलम: झुंबरने हा कागद आज स्वतः वाचला. साक्षीदारानेच मृत्युपत्रातून काही घेतले तर वाद होतो, साक्ष द्यायची तर गाळा सोडावा, हे वकिलांनी त्याला पाटीवर लिहून दाखवले. त्याने पेन मागितला. गाळाही आता विमलाबाईकडेच जाईल.

नाशिक रोड, १२ मार्च १९८८
सही: मो. सा. पगारे

साक्षीदार:
१. यादव कचरू निकम, शेजारी
२. झुंबर गांगुर्डे. कान माझे गेले, साक्षही मीच देणार.