तीन अक्षरांचं उत्तर

२ फेब्रुवारी, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे. उरणहून थेट गाडी, बेलापूरला उतरून दहा मिनिटं चालत. दिनानाथकाकांना दहा ते दोन वाचून दाखवायचं. वय अठ्ठ्याहत्तर, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. बावीस वर्षं ते एका साप्ताहिकात गूढ शब्दकोडं काढायचे. साप्ताहिक कधीच बंद पडलं, पण कात्रणांचे गठ्ठे घरात आहेत. मी सूत्र वाचायचं, त्यांनी उत्तर शोधायचं. स्वतःचीच कोडी ते विसरलेत आणि त्याचा त्यांना फार आनंद आहे. सून सुचित्राताई वकील आहेत. मुलगा बोटीवर असतो. बी.ए. मराठी केलंयस ना, मग रमशील, असं सुचित्राताई म्हणाल्या. घरी, मोरा गावात, अम्मीला अजून पटत नाहीये की वाचून दाखवणं हीसुद्धा नोकरी असते.

५ फेब्रुवारी, गुरुवार
आज काकांनी उकल कशी करायची ते शिकवलं. ‘घाईत असलेला ढग’, तीन अक्षरं. मी बराच वेळ डोकं खाजवलं. उत्तर जलद: घाईलाही तोच शब्द, ढगालाही तोच. मग ‘उलटलेला नवरा, उरणच्या बोलीत दहा तोंडांचा’. नवरा उलटा वाचला की रावन. आमच्याकडे ‘ण’चा ‘न’ होतोच, त्यामुळे हे मी त्यांच्याआधी सोडवलं. काका हसता हसता खोकायला लागले. म्हणाले, शब्दांशी हवं तेवढं खेळावं, पण व्याकरणाशी लबाडी नाही. चूक निघाली तर काढणाऱ्याने सूत्र मागे घ्यायचं, पुढच्या अंकात माफी मागायची.
नात जाई दुसरीत आहे. एक वाजता शाळेतून येते आणि आजोबांना चिकटून बसते. तिला फक्त काळे चौकोन मोजायला आवडतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार
गठ्ठ्यात एक हाताने लिहिलेला कागद निघाला. अक्षर काकांचं नाही, त्यांच्या जुन्या वह्या मी पाहिल्यात. शाई बोटाला लागली. दोन चौकोन आणि एकच सूत्र: ‘कायमचं निघून गेलेलं फूल’. काका क्षणात म्हणाले, जाई. मी चौकोनांत लिहिलं.

११ फेब्रुवारी
जाई आली नाही. दीड वाजला तेव्हा सुचित्राताईंना विचारलं. त्या जेवायला घरी आल्या होत्या. कोण जाई, असं त्यांनी विचारलं. मी थट्टा करतेय असं वाटून आधी हसल्या. मग म्हणाल्या, आम्हाला मूल नाही गं, आणि ताट अर्धं ठेवून उठल्या. हॉलमधल्या फोटोत काकांचा हात हवेत आहे, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. खाली खांदा नाही. काकांनाही काही आठवत नाही.

१२ फेब्रुवारी
ही वही काकांना पहिल्या पानापासून वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘तू मला आजवर एक अक्षर खोटं वाचून दाखवलेलं नाहीस. म्हणजे ती होती.’ आठवत नसलेल्या नातीसाठी ते रडले.
अम्मी म्हणते, सोड ते घर. नाही सोडणार. सात वर्षांची पोर एक कागद गिळतो आणि मी काय घरी बसून जवळा-कोलीम निवडू?

१३ फेब्रुवारी
मी पोचले तेव्हा काका तोंडातल्या तोंडात क्रियापद चालवत होते. ‘शायमा, सूत्र चुकलंय. जाई म्हणजे जात असे. ती रोज जाई, रोज परत येई. कायमची गेलेली असेल तर ती गेली. तिला जाई कोण म्हणेल?’
मी त्याच कागदावर ठसठशीत लिहिलं: ‘जाई म्हणजे रोज जात असे आणि रोज परत येत असे. “कायमचं” चूक. सूत्र मागे घ्यावं.’ काकांनी चाचपडत खाली सही केली.
एक वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. जाई. दप्तर सोफ्यावर फेकलं आणि भूक लागली म्हणाली. सुचित्राताई बूट बाहेर काढ म्हणून तिला ओरडल्या, जणू काल ओरडल्याच होत्या. काकांनी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात काढलाच नाही.

१६ फेब्रुवारी
नवा कागद. तीन चौकोन. ‘माय शाळेच्या दारात, मागे फिरली की तूच.’
माय, पुढे शाळेच्या दारातलं ‘शा’. मायशा. आता मागून वाचायचं. शायमा.
मी.
काकांनी चार वेळा ऐकलं. व्याकरण चोख आहे म्हणाले. मग म्हणाले, त्यात माझं नाव लिही. मी सांगितलं, तुमचं चार अक्षरी आहे, बसत नाही. आम्ही दोघंही हसलो. मग गॅसवर कागद जाळला.

१७ फेब्रुवारी
जाळलेला कागद पुन्हा टेबलावर. पहिल्या चौकोनात ‘शा’. मी लिहिलेलं नाही —
सुचित्राताईंनी दार उघडलं आणि कोण पाहिजे विचारलं. काकांनी आतून आवाज ओळखला म्हणून घरात घेतलं.
काका म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, दहा ते दोन ठरलंय.

१८ फेब्रुवारी, अकरा वाजता
‘य’ उमटला. अम्मीला फोन लावला. राँग नंबर म्हणाली. सकाळी तिनेच डबा भरून दिला होता —
रडणार नाही. डबा खाल्ला. सगळा.

साडेबारा
काका विचारतात, कोण वाचतंय. पुन्हा विचारतात. मी वाचतेय. थांबणार नाही —

एक
तिसऱ्या चौकोनात काना आला. नुसता काना. अजून वेळ आहे.
माय बरोबर. शाळा बरोबर. मागे फिरणंही — मग काय राहिलं — तूच. ‘तूच’!
व्याख्या एकालाच लागू पडायला हवी. ‘तूच’ तर वाचेल त्याला लागू. मला एकटीला नाही. आणि ज्याने हे लिहिलं, त्याने माझ्याआधी वाचलं.
चूक सापडली. मोठ्याने वाचतेय, ऐक, कोडं काढणाऱ्या. खाली उकल लिहितेय. हात दिसत नाहीये पण अक्षर येतंय — उत्तर शायमा नाही. पहिला वाचणारा तू. म्हणजे उत्तर तू—